वीस मिनिटं नळी हलवायची नाही

जुलै ते सप्टेंबर या काळात नागपुरातल्या मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी केलेल्या माणसाला ‘पान लागलं’ हे शब्द वेगळ्या कानानं ऐकू येतात. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून मौदा, कुही, भिवापूरकडची माणसं असंच सांगतात. कुणी ‘लांबडं चावलं’ म्हणतं, कुणी नुसतं ‘जनावर’. धानाची रोवणी चालू असते, धुऱ्यावरचं गवत गुडघ्याला लागलेलं असतं, घरात ओल असते म्हणून उंदीर आत आणि उंदरामागं साप आत. काटोल-नरखेडच्या संत्राबागांतून पेशंट येतात, रामटेक-पारशिवनीतून येतात, भंडारा-गडचिरोलीतून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाड्यातूनही रेफर होऊन येतात.

सोबत आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणता साप होता?’ आमच्या यादीत तो शेवटचा. पेशंट स्ट्रेचरवर असतानाच तीन गोष्टी बघायच्या: श्वास चालू आहे का, नाडी लागते का, आणि माणूस बोलतो कसा. आवाज नाकातून येत असेल, थुंकी गिळता येत नसेल, तोंडात लाळ साठत असेल तर आधी घसा साफ करायचा, कुशीवर वळवायचं, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि श्वासनळीत नळी टाकायचं सामान हाताशी घ्यायचं. विषावरचं औषध, म्हणजे प्रतिसर्पविष, त्यानंतर. नागाच्या आणि मण्याराच्या दंशात माणूस मरतो तो श्वास थांबून, आणि श्वास हातानं देता येतो.

मग पायाकडे. निम्म्याहून जास्त पेशंट काहीतरी बांधूनच येतात: गमछा, दोरी, सायकलची ट्यूब, साडीचा काठ. नवीन डॉक्टरचा हात ते सोडायला लगेच जातो, आणि तिथंच चूक होते. घट्ट बांधलेल्या पायात अडकलेलं विष एकदम सुटलं तर काही मिनिटांत पापण्या मिटतात, रक्तदाब कोसळतो. आधी बांधल्याच्या खाली नाडी लागते का बघायचं. लागत असेल तर बांधणं वरवरचं आहे, सोडलं तरी चालतं. लागत नसेल तर सलाईन लावून, प्रतिसर्पविष तयार ठेवून, श्वास द्यायचं सामान उशाशी घेऊन मगच सोडायचं. बांधल्याच्या जागी रक्तदाब मोजायचा पट्टा चढवून हळूहळू हवा सोडणं हा सोपा मार्ग. अंगठी, जोडवी, बांगड्या, काळा दोरा मात्र लगेच काढायचे. एका तासात सूज आली की जोडवी कापावी लागतात.

आता तपासणी. सुजेची कड पेननं आखायची आणि शेजारी वेळ लिहायची. मग डोळे. पेशंटला मान न हलवता छताकडे एक मिनिट बघायला सांगायचं. सुरुवातीचा पक्षाघात असा पकडता येतो: पहिली वीस सेकंद ठीक जातात आणि मग पापणी हळूहळू खाली उतरते. नुसतं टॉर्च मारून ‘डोळे नॉर्मल’ लिहिलं की ही खूण सुटते. उशीवरून डोकं उचलता येतं का तेही बघायचं. त्यानंतर एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावायचं. कुणी तीसपर्यंत जातं, कुणी वीसपर्यंत. पहिला आकडा किती याला फारसा अर्थ नाही. अर्ध्या तासानं तोच माणूस कुठपर्यंत जातो याला आहे. तीसचा अठरा झाला तर माणूस हसत बोलत असला तरी तो घसरतो आहे. हा आकडा वेळेसकट केसपेपरवर लिहिला पाहिजे, कारण रात्री दोनला ड्युटी बदलली की पुढच्या डॉक्टरला कालचा आवाज आठवणार नसतो.

हिरड्यांतून, नाकातून, जुन्या जखमेतून किंवा सुई टोचल्या जागेतून रक्त येतं का, लघवीचा रंग काय, काखेत किंवा जांघेत गाठ दुखते का, हेही आत्ताच.

सापाचा फोटो असेल तर बघतो, पण त्यावर सगळा भार टाकत नाही. कवड्या बिनविषारी आहे आणि मण्यारासारखा दिसतो. डुरक्या घोणस बिनविषारी आहे, तिच्या अंगावरचे डाग बघून माणसं घोणस म्हणतात. उलटंही होतं: घोणशीचं पिल्लू ‘अजगराचं पिल्लू होतं’ म्हणून हातात धरलेलं असतं. अंधारात दिसलेला साप आणि चावलेला साप एकच होता याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मारून डब्यात आणलेला साप तर आणूच नये. तोडलेलं मुंडकंसुद्धा काही काळ चावू शकतं.

आता नळी. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी इतकी साधी आहे की तिची कदर होत नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यात जास्त बिघडवली जाते. कोरी, कोरडी, काचेची परीक्षानळी घ्यायची. न चावलेल्या हातातून दोन मिलिलिटर रक्त काढून त्यात सोडायचं. खोलीच्या तापमानाला, कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी उभी ठेवायची. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरपी करायची. रक्त पातळ राहून वाहिलं तर ‘गोठलं नाही’.

बिघडतं कुठं? नळी साबणाच्या पाण्यानं धुतलेली असते, काचेवर साबणाचा अंश राहतो आणि निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही. मग विनाकारण प्रतिसर्पविष चढतं. प्लास्टिकच्या नळीत रक्ताला गोठायला हवा तो काचेचा पृष्ठभागच मिळत नाही. लाल झाकणाची प्लास्टिकची नळी हाताशी असते म्हणून तीच वापरली जाते, पण तिच्या आतून रक्त लवकर गोठवणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. त्यात घोणस चावलेल्याचंही रक्त गोठलेलं दिसू शकतं, आणि ही चूक पहिल्यापेक्षा वाईट. तिसरी चूक घाईची: सात मिनिटांनी कुणीतरी येऊन ‘बघू झालं का’ म्हणून नळी हलवून जातं. चौथी गर्दीची: सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, नळी चाळीस मिनिटांनी पाहिली. तेव्हा पातळ असेल तर ते पातळच. पण गोठलेलं असेल तर ते वीस मिनिटांत गोठलं होतं की पस्तीस, हे कळायला मार्ग नाही. मोबाईलवर गजर लावणं हा याचा पूर्ण इलाज आहे. शंका आली तर सोबतच्या धडधाकट नातेवाइकाचं दोन मिलिलिटर रक्त त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या नळीत घालून शेजारी ठेवायचं. नवीन काचेच्या नळ्यांचा एक डबा कॅज्युअल्टीत फक्त याच कामासाठी बाजूला असावा, धुवायला जाणाऱ्या नळ्यांत तो मिसळू नये.

पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणजे सुटलो असं नाही. पहिले तीन तास दर तासाला, नंतर चोवीस तास होईपर्यंत दर सहा तासांनी ही चाचणी परत. काहीही लक्षण नसलेला पेशंटही चोवीस तास ठेवून घ्यायचा. घरचे भांडतात: ‘ठणठणीत आहे, शेतात काम पडलंय.’ तरी ठेवायचा.

रक्त गोठलं नाही म्हणजे विष रक्तावर काम करणारं: आपल्याकडे बहुतेक वेळा घोणस, क्वचित फुरसे. कोकणात फुरशांचे पेशंट जितके असतात तितके इथं नसतात.

प्रतिसर्पविष कुणाला द्यायचं? दाताच्या खुणा दिसल्या म्हणून नाही. भीतीनं घाम फुटलाय म्हणून नाही. आमदारसाहेबांचा फोन आला म्हणूनही नाही. विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो. द्यायचं ते रक्त गोठत नसेल, कुठून तरी रक्त येत असेल, पापण्या पडत असतील, रक्तदाब पडला असेल, मूत्रपिंडं बसायला लागली असतील, किंवा सूज भराभर चढून निम्म्या हातापायापुढं गेली असेल तर. यातलं एक जरी असलं तरी लगेच. सापाचं नाव कळायची वाट बघायची नाही. भारतातलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालतं, ते यासाठीच.

पहिला डोस दहा कुप्यांचा. दहाच का, हा प्रश्न प्रत्येक इंटर्न विचारतो, आणि त्याचं उत्तर हिशेबात आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. प्रतिसर्पविषाचा एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो, कुपीत दहा मिलिलिटर, म्हणजे एक कुपी सहा मिलिग्रॅम. दहा कुप्या, साठ मिलिग्रॅम. साप मूल बघून कमी विष सोडत नाही, म्हणून पाच वर्षांच्या लेकरालाही तितक्याच कुप्या. बदलतं ते फक्त सलाईनचं प्रमाण. दोन कुप्या देऊन ‘बघू’ म्हणणं म्हणजे औषधही वाया आणि तासही वाया. रेफर होऊन येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘दोन व्हायल दिल्या’ अजूनही वाचायला मिळतं.

पावडरीची कुपी दहा मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची. दोन्ही तळव्यांत धरून गोल फिरवायची, हलवायची नाही. हलवली की फेस येतो, फेसात प्रथिनं खराब होतात आणि कुपी लवकर साफही होत नाही. दहा कुप्यांना एकट्या सिस्टरला बराच वेळ लागतो, म्हणून दोघांनी बसायचं. प्रौढाला २०० ते ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात. कातडीखाली चाचणीचा डोस द्यायचा नाही: त्यावरून रिॲक्शन येईल की नाही हे कळत नाही, वेळ मात्र जातो. दंशाच्या जागी टोचायचंही नाही.

रिॲक्शन येणार हे धरूनच चालायचं. सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून, चिकटपट्टीवर नाव लिहून, ट्रेमध्ये समोर ठेवलेलं असावं. प्रौढाला १:१००० चं अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पहिली खूण पुष्कळदा फक्त खाज असते. पेशंट कान खाजवतो, पोट दुखतं म्हणतो, खोकतो. त्याच क्षणी सलाईन बंद, ॲड्रेनॅलिन, मग ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीची औषधं. नुसतं ॲव्हिल-हायड्रोकॉर्ट देऊन वाट बघणं हे धोक्याचं आहे. ती मागून येणारी औषधं, जीव वाचवतं ते ॲड्रेनॅलिन. माणूस स्थिर झाला की तेच प्रतिसर्पविष हळू सुरू करून वेग वाढवायचा. रिॲक्शन आली म्हणून उपचार कायमचा थांबवायचा नाही, कारण आतलं विष थांबलेलं नसतं. एरवी रक्त गोठत नसताना स्नायूत इंजेक्शन टाळायचं, धनुर्वाताचंसुद्धा नंतर. ॲड्रेनॅलिन याला अपवाद. तिथं मांडीत रक्त साकळलं तरी चालेल. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा ट्रामाडॉल. डायक्लो आणि ॲस्पिरिन नाही.

प्रतिसर्पविष दिल्यावर रक्ताची पुढची नळी सहा तासांनी. मधेच अधीर होऊन लावू नका: विष निकामी झालं तरी गोठणारे घटक यकृताला नव्यानं बनवायला साधारण तितका वेळ लागतो. सहा तासांनीही रक्त पातळ असेल तर पुढचा डोस. एकूण तीस कुप्यांपलीकडे जायची वेळ सहसा येत नाही.

मण्याराचा पेशंट मात्र ‘चावलं’ म्हणून येतच नाही. तो पहाटे चार-पाचला येतो. सोबतची बाई सांगते, ‘रात्री चांगले जेवले जी, तीन वाजतापासून पोट दुखून राह्यलं, उलट्या होऊन राह्यल्या, आता डोळेच उघडत नाहीत.’ अंगावर खूण नाही, सूज नाही, दुखत नाही. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दात इतके बारीक की पुष्कळांना जागही येत नाही. अशा माणसाला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, की दोन तासांनी त्याचा श्वास थांबतो. त्यामुळे पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि उलटी घेऊन आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचाच: काल कुठं झोपला होता? खाली, असं उत्तर आलं की छताकडे बघायला लावायचं.

पापण्या पडल्या की प्रतिसर्पविष दहा कुप्या, आणि सोबत ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम देऊन निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम. नाग असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पापण्या उचलल्या जातात, बघणाऱ्याला तो चमत्कारच वाटतो. नागाचं विष स्नायूच्या बाजूचं कुलूप अडवतं, निओस्टिग्मिन ते उघडायला मदत करतं. मण्याराचं विष मज्जातंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं. तिथं निओस्टिग्मिन सहसा चालत नाही, आणि एकदा झालेला पक्षाघात प्रतिसर्पविषानंही परत फिरत नाही. फरक पडला नाही तर एक-दोन तासांनी आणखी दहा कुप्या, एकूण वीस, त्यापुढं ओतत राहण्यात अर्थ नाही. आता काम व्हेंटिलेटरचं. टोक नव्यानं वाढेपर्यंत काही दिवस, कधी आठवडाही.

हे दिवस नातेवाइकांना आणि नव्या डॉक्टरांनाही फसवतात. पेशंट हलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला आकसत नाहीत, वेदनेला प्रतिसाद नाही. कागदावर हे मेंदू मृत झाल्यासारखं दिसतं. पण त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी उभं राहून ‘आता काही होत नाही’ असं कुणी बोललं तर ते त्याच्या कानावर पडतं. म्हणून त्याला नावानं हाक मारून सांगायचं, दादा, औषध चालू आहे, श्वास मशीन देतंय, हात-पाय परत येतील. झोपेचं औषध चालू ठेवायचं, डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवायच्या, कूस बदलायची. व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर अंबू बॅग हातानं, पाळीपाळीनं, नातेवाइकाला शिकवूनसुद्धा. असे तास काढून वाचलेली माणसं आहेत.

घोणशीत लक्ष लघवीकडे. दर तासाची लघवी मोजायची, मूत्रपिंडांचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी रोज, लघवी अडली तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी वेळेत हलवायचं. गालाखालची लाळग्रंथी किंवा डोळ्याचं पांढरं सुजलं तर रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतंय, आणि पुढचा दिवस कठीण जाणार.

विंचवाचं गणित उलटं. दुखून तळमळणारा, ओरडणारा पेशंट बहुधा सुरक्षित असतो; जागेवर बधिर करणारं लिग्नोकेन, बर्फ, पॅरासिटामॉल. भली मोठी काळी इंगळी भीती घालते, पण जीव घेतो तो लहान लालसर विंचू. धोका त्या लेकरात, ज्याचं दुखणं फार नाही पण अंग घामानं चिंब, हात-पाय गार, उलट्या, नाडी जोरात, आणि मुलाच्या बाबतीत लिंग ताठलेलं. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरण्याच्या आधीची ही खूण आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ साली प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग जगापुढं मांडला आणि या दंशाचं भवितव्य बदललं. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडावाटे. पंधरा किलोच्या लेकराला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची जवळपास अर्धी. हात-पाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. आधी तोंडानं पाणी द्यायचं, आणि डोस दिल्यावर लेकराला आडवंच ठेवायचं. आईनं उचलून कडेवर घेतलं की रक्तदाब पडतो. सावकाश विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी फोडून कधीच द्यायची नाही. सर्पदंशाच्या सवयीनं विंचवाच्या पेशंटला ॲट्रोपिन दिलं जातं, तेही नको, हृदयाचा ताण त्यानं वाढतो. विंचवाचं प्रतिविष उपलब्ध असेल तर प्राझोसिनसोबत लवकर दिल्यानं माणूस लवकर सावरतो.

आग्या मोहोळ उठून आलेल्यांत दोन प्रकार. एकाला एकच माशी चावलेली असते, पण अंगभर पित्त उठून घसा बसतो. त्याला मांडीत ॲड्रेनॅलिन, गरज पडली तर पाच मिनिटांनी परत. दुसऱ्याला शेकडो नांग्या टोचलेल्या असतात. त्याचे स्नायू विघटून लघवी चहासारखी होते आणि मूत्रपिंडं दुसऱ्या दिवशी बसतात, म्हणून त्याला पहिल्या संध्याकाळी सोडायचं नाही. नांगी नखानं काढा की चिमट्यानं, लवकर काढा.

गावाकडून निघण्याआधी करायचं ते थोडकंच आहे. माणसाला आडवं करा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा, १०८ ला फोन करा, आणि प्रतिसर्पविष जिथं आहे अशा सगळ्यात जवळच्या रुग्णालयात जा. पहिला डोस ग्रामीण रुग्णालयात चढवून मग नागपूरला निघालेला पेशंट, थेट नागपूर गाठायला तीन तास घालवलेल्या पेशंटपेक्षा चांगल्या अवस्थेत पोचतो. तोंड लावून विष ओढू नका, ब्लेड मारू नका; रक्त गोठत नसेल तर ती चीर थांबत नाही. मिरची किंवा कडुलिंबाचा पाला खाऊ घालून ‘तिखट लागलं, कडू लागलं, म्हणजे विष नाही’ हे ठरवू नका. जिभेची चव घोणशीच्या विषात शाबूत असते, आणि गिळणं जात असलेल्या माणसाच्या घशात तो पाला अडकतो.

घरी सोडताना कार्डावर तीन ओळी लिहून देतो. किती कुप्या दिल्या आणि रिॲक्शन आली का. पुन्हा कधी दंश झाला तरी प्रतिसर्पविष देता येतं, फक्त पुढच्या डॉक्टरनं सावध राहायचं. एक ते दोन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी आली तर परत यायचं. ती औषधाची उशिरा येणारी रिॲक्शन, काही दिवसांच्या प्रेडनिसोलोननं बसते. आणि घोणशीच्या पेशंटला क्रिएटिनिनच्या पुढच्या तपासणीची तारीख. मण्याराच्या पेशंटला चौथी ओळ: खाटेवर झोपा, खाट नसेल तर मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा.